शून्य ते नऊ

ऑक्टोबरात कुतैसीच्या बायकांची बोटं काळी होतात.
हिरव्या अक्रोडाची साल सोलली की जो डाग पडतो
तो साबणाला जुमानत नाही, लिंबाला नाही,
देवळात जायच्या रविवारालाही नाही.
नखाबरोबर वाढत वाढत तो वर सरकतो
आणि ईस्टरच्या आसपास कधीतरी
माझ्या कातरीत पडतो.

माझं दुकान तळघरात, बाजाराच्या मागच्या अंगाला.
खिडकीतून फक्त बूट दिसतात.
वर असेपर्यंत मी माणसं बुटांवरून ओळखते,
आत आली की नखांवरून.
चेहरा सगळ्यात शेवटी, पैसे घेताना.

त्सित्सिनो आली तेव्हा तिचे बूट पुसलेले होते.
तिथेच मला काहीतरी खटकलं.
बावीस वर्षं ती पुलाच्या तोंडाशी चुर्चखेला विकते,
दोऱ्यात अक्रोड ओवायचे, द्राक्षाच्या दाट रसात बुचकळायचे,
वाळवायचे, पुन्हा बुचकळायचे.
माझ्या खिडकीशी वाकून विचारायची,
नखं रंगवून पोट भरतं होय गं, एतेरी?

आज म्हणाली, लाल लाव. भडक लाल. नऊ बोटांना.
आणि दहावं?
दहावं डॉक्टरचं.

गुरुवारी भूल देणार आहेत.
बोटाला चिमटा लावतात म्हणे,
तो नखातून आत डोकावतो, रक्त जागं आहे का बघतो.
एक तरी खिडकी उघडी ठेवा, म्हणाले.
मग म्हटलं, बाकीच्या नऊ
कशाला उघड्या ठेवू?

मी तिचे हात कोमट पाण्यात सोडले.
पाणी चहासारखं झालं.
कानस फिरवली, कडेचं कातडं मागे लोटलं.
कधी कुणी लोटलं नव्हतं ते;
खाली दहा चंद्र निघाले, लहान मुलाच्या नखांवर असतात तसे.
बघत राहिली.
हे माझेच?

गाठ गळ्यात आहे, म्हणाली. नखाएवढी.
गळ्यालाच नख! आणि हसली,
हसताना हात त्या जागेकडे निघाला होता,
मी मनगट धरलं, रंग ओला होता.

नखाएवढी म्हणजे केवढी?
विचारायला नको होतं. पण माझा धंदाच हा.
मी नकली नखांची डबी उघडली,
शून्यापासून नऊपर्यंत मापं, दहा खणांत.
शून्य अंगठ्याचं, नऊ करंगळीचं.
तिने चष्मा लावला,
अक्रोड निवडावेत तशी निवडू लागली.
हे नाही. हे तर नाहीच. हे असतं तर बोलावलंच नसतं.
शेवटी पाच नंबरचं उचललं,
जिभेवर एखादा शब्द ठेवून पाहावा तसं
तळहातावर ठेवून पाहिलं.
एवढी.

मग दिव्याखाली हात. साठ सेकंद.
त्या निळ्या उजेडात कुणीच बोलत नाही,
का ते मला अजून कळलेलं नाही.
कर्ज, नवरा, मुलगी पोलंडला गेली ती,
सगळं साठ सेकंद थांबतं
आणि टिंग झालं की पुन्हा सुरू.
तिचं सुरू झालं नाही. मी बटण परत दाबलं.
रंग केव्हाच सुकला होता.

वीस लारी, मी म्हटलं. राहू दे, असंही म्हटलं.
राहू दे कशाला? तिने अठरा मोजले.
नऊ बोटांचे. दहाव्याचे आल्यावर.
आणि उजव्या हाताची तर्जनी,
काळी, उघडी, अक्रोडाची,
माझ्या नाकासमोर नाचवून
पायऱ्या चढून गेली.

शुक्रवारी लग्नाची मुलगी आली.
डबीतून मापं लावता लावता
तिच्या मधल्या बोटाला पाच नंबर बसला.
चिकटवला. कानस मारली. वर पांढरं फूल काढलं,
एक पाकळी जरा जाड आली.
छान आहे, ती म्हणाली, तशीच असू दे.

वही उघडी आहे: त्सित्सिनो, लाल एकशे अठ्ठावीस, बाकी दोन लारी.
बाहेर पाऊस नाही, तरी सगळ्यांचे बूट मळलेले.
मी पुसलेले शोधते.
मग वाटतं, नको,
आता मळलेलेच येऊ देत.